तुझे आवाज पोरींच्या अंगात आहेत

प्रज्ञा,

तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि तुझ्याबद्दल बोलताना लोक अडखळायला लागले आहेत. दुःखानं नाही. तू नेमकं काय करत होतीस, तेच त्यांना सांगता येत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक सर उठले आणि म्हणाले, "त्या फार चांगल्या चित्रकार होत्या, शिवाय त्यांना प्राण्यांची फार आवड होती." मी मागे बसले होते. तू शेजारी असतीस तर माझ्या बरगडीत कोपर मारलं असतंस. प्राण्यांची आवड! तुझ्या घरात कधी मांजरसुद्धा नव्हतं. अंगणात कुत्रं आलं तरी तू त्याला हाकलायचीस, पण हाकलायच्या आधी ते कसं गुरगुरतं ते नीट ऐकून घ्यायचीस.

म्हणून मीच लिहायला बसले. मी अमरावतीच्या कॉलेजात पोरींना कबड्डी शिकवणारी बाई, लिहिणं हे काही माझं काम नाही. पण तुझ्या कामात माझे हातपाय होते, आणि जे हातापायांनी केलं ते मी सांगू शकते.

पहिल्यांदा तू दिसलीस ती आमच्या ग्राउंडवर. संध्याकाळची प्रॅक्टिस सुरू होती, आणि कडेच्या बाकावर एक अनोळखी बाई डोळे मिटून बसलेली. मी जाऊन विचारलं, "काय वं, झोप लागली का?"

"नाही. खेळ आयकून राहिली."

"खेळ पाह्याचा असते, बाई."

"पाहिला ना मंग. तुमची थे उंच पोरगी हाये ना, तिचा दम शेवटाले बकरीवाणी तुटते. पाय मात्र म्हशीवाणी टाकते. दोन जनावरं भांडून राह्यले तिच्या अंगात."

ती उंच पोरगी म्हणजे रुपाली, माझी सगळ्यात चांगली चढाईपटू. मला रागच आला. मी म्हटलं, म्हशीवाणी म्हणजे कशी? तेव्हा तू उभी राहिलीस, दोन्ही हात पोटावर ठेवलेस, मान थोडी पुढे काढलीस, आणि तुझ्या तोंडातून म्हैस निघाली. नक्कल नव्हती ती. नक्कल ऐकून माणूस हसतो, इथे कुणी हसलं नाही. पोरी खेळता खेळता थांबल्या. गेटबाहेरचा भाजीवाला गाडी सोडून आत डोकावला. मी गोठ्याच्या घरात वाढलेली, मला हे ऐकून आधी वाटलं ते हेच, की कुणीतरी जाऊन तिला पाणी दाखवा.

मग गिला वडा खाताना तू सगळं सांगितलंस. परतवाड्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यामागे तुमचं क्वार्टर. बाबा तिथे परिचर. डॉक्टरांनी सुई मारायची आणि बाबांनी जनावर धरून ठेवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मेळघाटातून लोक बैल घेऊन यायचे, शेळ्या खांद्यावर घालून यायचे, आणि तू ओट्यावर बसून पाढे पाठ करायचीस. "माणसायचं बोलणं मले मंग मंग कळाले लागलं," तू म्हणालीस. "पह्यले हेच कळत होतं." नागपूरला चित्रकला शिकायला गेलीस तेव्हा सगळे फुलदाण्या आणि पुतळे काढत होते, आणि तुझ्या कानात म्हैस.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आमचा इनडोअर हॉल मागितलास. फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मांजरपाट अंथरलंस. पोरींच्या तळपायांना कोळशाची पूड लावलीस. मग तू एका कोपऱ्यातून आवाज काढायचीस, कधी रोही म्हणजे नीलगाय, कधी टिटवी, कधी पान्हा चोरणारी गाय, आणि पोरींनी त्या आवाजाला अंगानं उत्तर द्यायचं. नाचायचं नाही, जनावराचं सोंगही घ्यायचं नाही. "फक्त अंग काय म्हणते थे करा," एवढंच तुझं सांगणं. पहिले काही दिवस पोरी नुसत्या खिदळत होत्या. मग एक दिवस खिदळणं थांबलं, आणि कापडावर रेघा उमटायला लागल्या. घसटलेल्या, थबकलेल्या, मागे वळून पुन्हा पुढे गेलेल्या.

मी भिंतीशी उभी राहून बघत असे. माझा गुडघा गेलेला होता. राज्याच्या संघात खेळताना तो गेला आणि त्याबरोबर खेळही गेला. त्यानंतर मी इतरांच्या अंगांना शिकवत होते, माझं अंग मात्र संपलं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एका दुपारी तू म्हणालीस, "शोभा, तू ये ना कापडावर."

"लंगडतो मी."

"म्हूनच म्हणून राहिली."

तू लंगड्या बैलाचा आवाज काढला नाहीस, हे बरं केलंस. तू टिटवी काढलीस. अंड्यांजवळ कुणी आलं की घरट्यापासून दूर, पंख मोडल्यासारखं करत पळणारी टिटवी. मी चालले. एका पायाची रेघ काळी, दाट, आणि दुसऱ्याची फिकट, ओढलेली. ते कापड नंतर मुंबईच्या गॅलरीत टांगलं गेलं, आणि लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच्याचसमोर उभे राहिले. एका बाईंनी तुला विचारलं, "ही लिपी कोणती?" तू क्षणभरही न थांबता म्हणालीस, "वऱ्हाडी."

त्या दिवशी मला जे वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. परतीच्या गाडीत सांगणार होते, पण तू बदनेऱ्यापर्यंत घोरत होतीस. आता सांगते. खेळ सुटल्यावर माझ्या शरीराकडे पुन्हा आदरानं पाहायला मला तू शिकवलंस. हे एवढं साधं वाक्य म्हणायला मला तुझं मरण लागावं, याचं वाईट वाटतं.

तुझ्या बाबांना मात्र यातलं काहीच पटत नव्हतं. आपण दोघी परतवाड्याला गेलो होतो तो दिवस आठवतो का? तू त्यांना कापडांचे फोटो दाखवलेस. त्यांनी चष्मा लावून एकेक नीट बघितला, फोन परत दिला आणि म्हणाले, "तुह्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. आमी थे सोडलं. गाव सोडलं, देव सोडले. मले दवाखान्यात नोकरी लागली, तं आपलेच लोक म्हणत, फिरून ढोरातच गेला. मी म्हणलं, हे सरकारी काम हाये, मानाचं हाये. आनं तू? येवढी शिकली, आनं लोकायसमोर ढोरावाणी वरडतं?"

मला वाटलं तू चिडशील. तू त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसलीस. "बाबा, त्यायनं आपल्याले मेलेलं ढोर देलं. जितं त्यायच्याच गोठ्यात ठेवलं. मी जित्याचं आयकून राहिली. हे मले कोनी देलं नाही. मी सोताहून घेतलं."

बाबा उठून आत गेले.

मी तिथेच बसले होते. चांदूर बाजारजवळच्या आमच्या घरी गोठा होता. त्यातलं जनावर मेलं की हाक कोणत्या वस्तीत जायची, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. येताना जीपमध्ये मी गप्प होते. तू म्हणालीस, "बोल ना वं काही. बाबा बरे, थे तरी बोलले." मग मी बोलले. परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत आपण जे बोललो ते इथे लिहिणार नाही, ते दोघींचं आहे. पण त्याआधी आपण एकत्र काम करणाऱ्या दोन बाया होतो. मैत्रिणी झालो त्या जीपमध्ये.

मग तुझा आवाज बसला. आधी वाटलं, जास्त ओरडल्यानं झालं असेल. मधाचं चाटण झालं, हळदीचं दूध झालं. आवाज काही उठला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. मी शेजारच्या खुर्चीत होते. तू डॉक्टरांना विचारलंस, "पूर्ण?" ते म्हणाले, "पूर्ण." तू मान हलवलीस, जणू त्यांनी बसची वेळ सांगितली होती.

ज्याला त्याला एकच सुचत होतं. तुझे सगळे आवाज रेकॉर्ड करून ठेव. मीही तेच म्हणाले, मशीनसुद्धा आणलं. तू म्हणालीस, "मी काय कॅसेट हाये का? ठेवाचंच तं पोरींच्या अंगात ठेवतो."

ऑपरेशनला जायच्या आधीची ती दुपार. हॉलमध्ये तू पोरींना एकेक करून समोर बसवलंस. त्यांचा हात तुझ्या पोटावर, तुझा त्यांच्या. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात तू एकेकीला एकेक जनावर दिलंस. कुणाला रोही, कुणाला शेळी, कुणाला वानर. "घशातून नाही काढाचा," तू सांगत होतीस. "घसा तं काय, कधीही जाते." रुपालीला म्हैस दिलीस. रुपाली रडायला लागली. तू तिला म्हणालीस, "अशी नाही रडत म्हैस," आणि कशी रडते ते काढून दाखवलंस. तो मी ऐकलेला तुझा शेवटचा आवाज. त्यानंतर तू नागपूरला गेलीस आणि पाटी-पेन्सिल घेऊन परत आलीस.

पाटीवर तू जे पहिलं लिहिलंस ते होतं, "गिला वडा." नळीतून पातळ खाणं चालू असताना. मी हसले आणि मग बाहेर जाऊन रडले.

लोकांना वाटलं, आता हिचं काम संपलं. खरं सांगते, मलाही वाटलं. तू पाटी पुढे केलीस, "अकोल्याले करू." काय करू? तू पुसून लिहिलंस, "पोरी आवाज काढनार नाही. नुसतं अंग."

मी भांडले. म्हटलं, मग ते आवाज दिलेस कशाला? तोंड मिटून पोरी नुसत्या वाकल्या-उठल्या तर लोकांना कळणार काय? तू पुन्हा पाटी पुसलीस. "मले जमून राह्यलं, तं त्यायलेबी जमन."

अकोल्याला बंद पडलेल्या जिनिंगची शेड आपल्याला मिळाली. छपराच्या कैच्यांना अजून जुन्या कापसाचे पुंजके चिकटलेले होते. मुंबईहून, नागपुराहून कलेतली माणसं आली होती. पण तू आदल्या दिवशी पाटी घेऊन आजूबाजूच्या वस्तीतही फिरली होतीस, त्यामुळे सतरंज्यांवर पुढे बसल्या होत्या त्या तिथल्या बाया, म्हातारे, लेकरं. बाबा परतवाड्याहून एसटीनं आले होते. अगदी दाराजवळ बसले, मध्येच उठून जायचं असल्यासारखे.

रुपाली मधोमध आली आणि गुडघ्यांवर टेकली. तिची पाठ हळूहळू ताणत गेली, बरगड्या आत ओढल्या गेल्या, मान एका बाजूला कलली. तोंड मिटलेलं. कुणीतरी फिसकन हसलं. मुंबईचे एक गृहस्थ हाताची घडी घालून बसले होते. म्हटलं, फसलं.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून एक आजी जोरात म्हणाली, "अवं माय! म्हैस अडली ना व्हय हे!"

आणि तिच्या तोंडून आपोआप तो आवाज निघाला, वेणा देणाऱ्या म्हशीचा. तिच्या मागच्या बाईनं तो उचलला. मग दुसरी पोरगी आली, आणि एक म्हातारा उभा राहून म्हणाला, "रोही!" आणि त्यानं रोही काढला. वानर आलं तेव्हा लेकरांना तर काही सांगावंच लागलं नाही. पोरींची तोंडं मिटलेली, आणि सगळी शेड हंबरत होती, खाकरत होती, किंचाळत होती. ते घडी घातलेले गृहस्थही तोंडानं काहीतरी करत होते. कोणतं जनावर होतं कुणास ठाऊक, पण करत होते.

त्या गलक्यात मी बाबांना पाहिलं. ते चपला काढून सतरंज्यांमधून वाट काढत रुपालीकडे चालले होते. तिच्याजवळ गेले, खाली बसले आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला. "हो... हो, बाई, हो..." जनावर धरून ठेवताना आयुष्यभर त्यांनी जे म्हटलं असेल, तेच. रुपाली थरथरत होती. हे काही आपण ठरवलेलं नव्हतं, तिला काय करायचं ते माहीत नव्हतं. पण तिचं अंग त्या हाताखाली सैल होत गेलं आणि ती कुशीवर निजली. हळूहळू शेडमधले आवाज थांबले. शेवटी फक्त बाबांचा "हो... हो..." उरला.

तू खांबाला टेकून उभी होतीस. सगळे दात दिसतील असं हसत होतीस. पाटी हातात होती आणि तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

येताना बाबा बसमध्ये माझ्या शेजारी बसले. मूर्तिजापूर मागे पडलं. मग म्हणाले, "पोरगी म्हैस बरी करते. पन मागचे पाय तसे नाही राहत." पुढच्या आठवड्यात ते हॉलवर हजर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पोरींना मागचे पाय शिकवत होते. तू पाटीवर मला लिहून दाखवलंस, "नवीन सर."

त्यानंतर आपण कुठे कुठे गेलो, कुणी काय लिहिलं, ते सगळं छापून आलेलं आहे. मला अभिमान वाटतो तो त्या छापलेल्याचा नाही. अचलपूर, भातकुली, दर्यापूरकडच्या पोरी, ज्यांना घरी "नीट चाल, नीट बस" एवढंच सांगितलं गेलं होतं, त्या भरल्या सभेत गुडघ्यांवर टेकल्या आणि कुणाचं हसू टिकलं नाही, याचा मला अभिमान वाटतो. तुझ्या आवाजाचा होता, पण तुझ्या गप्प राहण्याचा त्याहून जास्त आहे.

आणि आता आपलं भांडण.

तुला पुढचं काम तुझ्या श्वासाचं करायचं होतं. गळ्याच्या भोकातून तुझा श्वास जाता-येता जो आवाज व्हायचा, कधी शीळ, कधी घरघर, तो अंधाऱ्या खोलीत लोकांना ऐकवायचा. बाकी काही नाही. तू मलाच मशीन धरायला लावलंस आणि मी रेकॉर्ड करून दिलं. पण मी म्हटलं, हे ऐकवायचं नाही. लोक तुझं काम ऐकणार नाहीत, तुझा आजार ऐकतील. कीव करतील. तुझी कुणी कीव केलेली मला खपणार नाही.

तू लिहिलंस, "म्हशीचा चालते, माहा काहून नाही?"

मी म्हटलं, म्हैस तुझी कोणी लागत नव्हती.

तू पेन्सिल ठेवून दिलीस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, म्हणजे लिहिलं नाहीस. नंतर आजार उलटला, आणि दवाखाना, औषधं, रक्त चढवणं यांत तो वाद तसाच राहिला. शेवटच्या आठवड्यात तू माझ्याकडे बघून भुवई वर करायचीस. तू काय विचारतेस ते मला कळायचं आणि मी उशी नीट करायला लागायचे. तू गेलीस ती सकाळी, घरीच, बाबा चहा टाकत होते तेव्हा. मी तुझा हात धरून होते. अजूनही माझं म्हणणं तेच आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. मेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात, पण तुझ्याशी वाद घातला नाही तर मग मी काय करू?

काल मी परतवाड्याला गेले. बाबांना सगळं सांगितलं, तुझं म्हणणं आणि माझंही. ते म्हणाले, "आयकव." मी मशीन काढलं, त्यांच्या कानाला लावून दिलं. दुपारची वेळ होती. समोर दवाखान्यात कुणीतरी जोडी आणली होती आणि बैल खुरानं फरशी घासत होता. बाबांनी डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा त्यांचा हात उचलला गेला, तळवा खाली करून, आणि हवेतच थांबला.

कानावरून काढल्यावर बराच वेळ त्यांनी मशीन हातात धरून ठेवलं. मग मला दिलं.

"तिचं खरं हाये, शोभाबाई," ते म्हणाले. "आयकव लोकायले. पन मी गेल्यावर. मी हाओ तवरोक नाही."

मी मशीन पिशवीत ठेवलं.

"मंग तिले लय वर्सं थांबा लागन, बाबा," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. आणि मग, तू गेल्यापासून पहिल्यांदाच, हसले.